‘नॅशनल’ आलं आणि मुंबई दूरदर्शनचं भलं झालं की वाटोळं?

गिरगावकर
परवा गप्पांत कुणीतरी म्हणालं, ‘१९८२ ला नॅशनल (दिल्लीहून देशभर दाखवला जाणारा राष्ट्रीय कार्यक्रम) आलं म्हणून मुंबई दूरदर्शन मोठं झालं.’ मला अजिबात पटलं नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीचं केंद्र सुरू झालं, वर्षभरात सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही दिसायला लागलं. पहिली दहा वर्षं संध्याकाळ आपली होती: ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘ज्ञानदीप’, ‘चिमणराव’. मालकीणबाई शटरवाला टीव्ही उघडायच्या आणि अर्धी चाळ सतरंजीवर. १५ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्रीय कार्यक्रम आला, सोबत रंग आला, आणि रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीच्या खिशात गेली. मराठीच्या वाट्याला काय उरलं? नोकरदार माणूस लोकलला लोंबकळत असतो ती वेळ.

बालाघाटी
‘आपली संध्याकाळ’ म्हणजे कुणाची हो? मुंबई-पुण्याची. आमच्याकडे मराठवाड्यात तेव्हा टीव्ही म्हणजे मुंबईला जाऊन आलेल्याने सांगायची गोष्ट. ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी होतं म्हणे, पण आमच्या मातीत ते दिसतच नव्हतं! १९८४ मध्ये सरकारने दिवसाला एक या वेगाने छोटे प्रक्षेपक उभे केले, तेव्हा कुठे तालुक्याच्या गावांत पडदा लागला. ‘हम लोग’ आम्ही पाहिलं ते नॅशनलच्या कृपेने. चाळीतल्या सतरंजीसाठी आम्ही हळहळायचं का?

गिरगावकर
मग हा तर माझाच मुद्दा झाला. ते प्रक्षेपक उपग्रहावरून कुणाचं उचलत होते? बहुतेक ठिकाणी थेट दिल्लीचं. मराठवाड्यात टीव्ही आला तो हिंदी बोलत आला. वरळीचे कार्यक्रम तुमच्यापर्यंत पोचवायला पुढे किती वर्षं लागली ते आठवा.

बालाघाटी
उपाशी माणसाला भाकरी आधी लागते, ती ज्वारीची की गव्हाची हे नंतर. आणि वरळीने स्वतःच्या बळावर औरंगाबादपर्यंत मनोरे उभारले असते असं वाटतं का तुम्हाला? पैसा दिल्लीचाच होता.

जुनी फाईल
दोघेही एक गोष्ट विसरताय. मुंबई केंद्र स्वतंत्र कधीच नव्हतं. १ एप्रिल १९७६ पर्यंत तर ते आकाशवाणीचाच भाग होतं. नेमणुका, बदल्या, बजेट, सगळं वरून. बाकी त्या काळात निर्मात्यांना मोकळीक मिळाली ती धोरणामुळे नाही. दिल्लीहून रोज रात्री कार्यक्रम पाठवायची सोयच नव्हती, म्हणून. इन्सॅट उपग्रह आला, सोय झाली, मोकळीक संपली. इतकं सरळ आहे.

फ्लोरिडातला पुणेकर
इकडचं एक उदाहरण देतो. मायामीचं चॅनल ७ हे स्थानिक केंद्र तीसेक वर्षं एनबीसी या देशभरच्या नेटवर्कचे कार्यक्रम दाखवत होतं. एनबीसीने त्याच शहरातलं चॅनल ४ विकत घेतलं आणि १ जानेवारी १९८९ पासून ७ नंबरला वाऱ्यावर सोडलं. चॅनल ७ ने फॉक्स या नवख्या नेटवर्कशी घरोबा केला. फॉक्सकडे तेव्हा आठवडा भरेल इतके कार्यक्रमही नव्हते. राहिलेला वेळ या लोकांनी स्थानिक बातम्यांनी भरला आणि त्याच जोरावर उभे राहिले. (बातम्या भडक असतात, खून-मारामाऱ्या जास्त, तो भाग वेगळा.) सांगायचं इतकंच की नेटवर्कची वेळ सुटली की स्थानिक माणूस हातपाय हलवतो. वरळीला ती वेळ परत मिळायला हवी होती.

जुनी फाईल
उदाहरण झकास, पण लागू नाही. चॅनल ७ चा मालक मायामीतच बसलेला, एनबीसी फक्त कार्यक्रम पुरवणार. इथे कार्यक्रम पुरवणारा तोच आणि मालकही तोच. घरोबा मोडणार कुणाशी?

केबलवाला दादर
रडगाणं पुरे. १५ ऑगस्ट १९९४ ला मराठीला स्वतंत्र उपग्रह वाहिनी मिळाली ना? तिचंच २००० मध्ये ‘सह्याद्री’ झालं. खासगी वाहिन्यांपैकी अल्फा मराठी आलं १९९९ ला, ईटीव्ही मराठी २००० ला. म्हणजे पाच वर्षं मराठीत मैदान मोकळं होतं. तेव्हा काय केलं वरळीने? प्रेक्षक गेला तो दिल्लीमुळे नव्हे, आळसामुळे.

गिरगावकर
मोकळं मैदान? झी टीव्ही ऑक्टोबर १९९२ लाच आलं होतं, केबल तुम्हीच ओढलीत. १९९४ पर्यंत आमच्या आईसकट अख्ख्या चाळीला रात्री हिंदी मालिका बघायची सवय लागून गेली होती. ती झीने लावली नाही. तिचा हिशेब ८२ पासून मांडा, मग आळसाचं बोला.