सतराचे अलॉय आणि टायरचा आकार

तुम्ही लिहिलंय की पोलो गाडीला सध्या १८५/६० आर१५ टायर आहेत, सतरा इंची अलॉय रिम घेताय आणि दुकानदार २०५/४० सुचवतोय. घाई करू नका, आधी हिशोब करा.

१८५ मिमी ही टायरची रुंदी, तिचे ६० टक्के म्हणजे १११ मिमी, ही टायरच्या भिंतीची उंची. दोन्ही बाजूंचे २२२ आणि १५ इंची रिमचे (आर१५) ३८१ धरले की चाक ६०३ मिमी भरतं. नवं चाक याच्या जितकं जवळ, तितका स्पीडोमीटर खरा. २०५/४० आर१७ येतो ५९६, म्हणजे थोडा बुटका. काटा आणखी जास्त वेग दाखवेल आणि गाडी खाली बसेल. २१५/४० आर१७ मात्र ६०४! फक्त रिम किमान सात इंच रुंद हवी, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून, मागे माणसं बसवून टायर आत घासत नाही ना ते बघाच.

लोड इंडेक्सकडे, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्या आकड्याकडे, सगळेच दुर्लक्ष करतात. तुमच्या टायरवर बहुधा ८४ असेल, म्हणजे ५०० किलो. २१५/४० साध्यात ८३ मिळतो, ४८७ किलो. ८७ वाला एक्स्ट्रा लोड, म्हणजे जास्त वजन पेलणाराच मागा.

तरी मनापासून सांगतो, सोळा घ्या. १९५/५० आर१६, ६०१ मिमी. सतराला भिंत जेमतेम ८६ उरते. मागच्या पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. टायरला लिंबाएवढा फुगा आला आणि रिमची कड आत वाकली. गाडीत आई होती. दुसऱ्याच आठवड्यात मी सोळावर आलो.