ब्लूज हार्मोनिका: पहिल्या दिवसापासून जीभ, की आधी ओठांचा चंबू?

पांढरी_पाच
ब्लूज वाजवायचा असेल तर दहा भोकांची हार्मोनिका पहिल्या दिवसापासून जीभ लावूनच शिकावी, असं माझं ठाम मत आहे. ओठांनी चार भोकं झाकायची, डावीकडची तीन जिभेने बंद करायची आणि स्वर उजव्या कोपऱ्यातून काढायचा. नवशिक्याला बहुतेक जण ओठांचा चंबू करून एकच भोक धरायला शिकवतात, कारण सुटा स्वर त्यातून लवकर निघतो. पण शिकागोचा ब्लूज सुट्या स्वरांवर उभाच नाही. शिकागोचा हार्मोनिकावादक लिटल वॉल्टर ऐका, त्याचं १९५२ मधलं 'जूक' ऐका. जीभ टेकायच्या आधी शेजारचे स्वर क्षणभर एकत्र वाजतात आणि मग एकच उरतो. त्या थापेतून ठेका मिळतो, आवाजाला भरीवपणा येतो. शिवाय जीभ मध्ये टेकवून एक आणि चार नंबरची भोकं एकदम वाजवली की तोच स्वर दोन सप्तकांत मिळतो. हे चंबूने कसं करणार?

तीन_नंबर
अजिबात पटलं नाही. नवशिक्या थापेपाशी अडत नाही, बेंडपाशी, म्हणजे स्वर वाकवून खाली नेण्यापाशी अडतो. सीची, म्हणजे पांढरी एकची हार्मोनिका ब्लूजमध्ये बहुधा पांढरी पाचला, म्हणजे जीला सा धरून वाजवतात. दोन नंबरच्या भोकातून श्वास आत ओढला की सा. तीन नंबर ओढला की शुद्ध गंधार, आणि तोच वाकवत खाली नेला की कोमल गंधार, शुद्ध रिषभ, कोमल रिषभ. चार नंबरवर पंचम, वाकवला की तीव्र मध्यम. ब्लूजचा गंधार तर अनेकदा कोमल आणि शुद्धच्या मधेच राहतो. हे सगळं तोंडातली पोकळी बदलून साधायचं असतं. जिभेचं टोक भोकांवर गुंतवून ठेवलं तर नवख्याला मागचा भाग सुटा हलवता येत नाही. मग तो नुसता जोरात ओढतो आणि रीड, म्हणजे आतली कंप पावणारी धातूची पट्टी, खराब करून घेतो. आधी चंबूने कान आणि बेंड पक्के होऊ देत.

उलटी_फुंक
जोराबद्दल तीन_नंबर यांचं शंभर टक्के बरोबर. बेंडमध्ये ओढीची रीड एकटी काम करत नाही, त्याच भोकातली फुंकीची रीडही वाजू लागते. तीन नंबरला ओढून बी आणि फुंकून जी, मधलं अंतर चार अर्धस्वरांचं, म्हणून तीन बेंड मिळतात. दोन नंबरला अंतर तीनचं, तिथे दोन. पाच नंबरला एफ आणि ई लगतचे, म्हणून तिथे पूर्ण अर्धस्वराचा बेंड निघतच नाही, कितीही दम लावा. हे एकदा समजलं की निम्मी धडपड वाचते.

आणि सगळं शिकागोपाशीच का थांबावं? अमेरिकन वादक हॉवर्ड लेव्हीने १९७० च्या सुमारास ओव्हरब्लो, म्हणजे फुंकताना ओढीची रीड वाजवून काढलेले वरचे स्वर, पुढे आणले. पांढरी पाचला वाजवताना वरच्या सप्तकातला जो कोमल गंधार हार्मोनिकावर नाही, तो सहा नंबरच्या ओव्हरब्लोमधून मिळतो. तो बहुतेक जण चंबूनेच काढतात.

पांढरी_पाच
ओव्हरब्लो नवशिक्याचा विषय नाही, तो बाजूला ठेवू. जीभ लावून बेंड होत नाही, हा समज मात्र खोडायलाच हवा. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग जिथे टाळूला लागतो, बेंडसाठीही जीभ तिथेच उचलायची असते. टोक कुठेही असो, काम मागच्या भागाचं. सुरुवातीला जड जातं, मान्य. पण चंबूची सवय एकदा हाडात मुरली की पुढे जीभ लावायचा कंटाळा येतो आणि माणूस कायम बारीक आवाजात वाजवत राहतो. असे वादक मी खूप ऐकलेत, आणि मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांचे सूर चोख असतात.

मींडवाला
"बारीक आवाज" हा चंबूवरचा आरोप मला अन्यायाचा वाटतो. पॉल बटरफिल्ड शिकागोचाच, आणि मुख्यतः चंबूने वाजवणारा. त्याचा आवाज बारीक म्हणायची हिंमत आहे का कुणाची? आवाज छातीतून आणि मोकळ्या घशातून भरतो. पण तीन_नंबर, तुमचे "पक्के बेंड" कानाने तपासले नाहीत तर तेही बेसूरच. आपल्या घरात तानपुऱ्याचं ॲप असतंच. ते पांढरी पाचला लावा आणि तीन नंबर हळूहळू वाकवत प्रत्येक स्वरावर थांबा. हार्मोनियमवर मींड नाही, या इवल्याशा वाद्यावर आहे. आपल्या कानांना हे शिकवावं लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

तीन_नंबर
तानपुरा मान्य, आजपासूनच लावतो. पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला तीन नंबरवरचा कोमल गंधार एका श्वासात न हलता धरता येईपर्यंत मी जीभ लावू देणार नाही.

पांढरी_पाच
आणि मी पहिल्याच तासाला एक ते चार नंबर तोंडात देऊन जीभ उचल, जीभ टेक, एवढंच करून घेईन. बेंड तिथूनच पुढे.