नव्या पीसीवर विंडोजची प्रिव्ह्यू आवृत्ती टाकून विकली तर कायद्यात बसतं का?

पेठेतला असेंबलर

नमस्कार मंडळी. बुधवार पेठेत माझं छोटं दुकान आहे, असेंबल्ड पीसी आणि रिपेअरिंग. गिऱ्हाईक बोर्ड, रॅम, एसएसडीचे पैसे घासाघीस करून का होईना देतं. पण ओरिजिनल विंडोजचे वेगळे काही हजार सांगितले की तोंड वाकडं होतं. "पलीकडचा फुकट टाकून देतो, तुम्हालाच काय होतं?" हे रोजचं ऐकणं. क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली चोरीची प्रत, मी टाकत नाही. चारशे-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या लायसन्स-कीसुद्धा देत नाही, कारण त्या आज चालतात आणि उद्या बोंबलतात.

आता कोथरूडच्या एका अकाउंटिंग क्लासची ऑर्डर आहे, दहा मशीन. मॅडमचं बजेट ठरलेलं, त्यात लायसन्स बसत नाही. दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, विंडोज इनसायडर, म्हणजे चाचणीची प्रिव्ह्यू आवृत्ती, तिची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून फुकट उतरते. ती टाकू. क्रॅक नाही, चोरी नाही." एका मशीनवर टाकून बघितली. खाली उजव्या कोपऱ्यात 'इव्हॅल्युएशन कॉपी' आणि बिल्डचा, म्हणजे त्या चाचणी-आवृत्तीचा, नंबर दिसतो, बाकी मक्खन चालते.

हे विकणं कायदेशीर आहे का? मॅडमना आधी सांगून, लिहून घेऊन दिलं तर? आणि बिलावर नुसतं 'विंडोज ११' लिहिलं तर चालेल का?

टिळक रोडचा जुना

पोरगा हुशार आहे, पण अर्धंच वाचून आला.

मी २००९ मध्ये याच धंद्यात होतो. तेव्हाच्या विंडोज व्हिस्टाने लोक इतके पिडले होते की मे महिन्यात विंडोज ७ ची आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, फायनलच्या आधीची चाचणीची आवृत्ती, आली तेव्हा सगळे तुटून पडले. फुकट आणि चालायला व्हिस्टापेक्षा छान. आमच्या लायनीतल्या एकाने नव्या मशीनवर सर्रास तीच टाकून दिली. बिलावर विंडोज ७! खरी विंडोज ७ बाजारात यायची होती २२ ऑक्टोबरला.

आरसीला मुदत होती १ जून २०१०, पण हिसका आधीच बसायचा होता. १ मार्चपासून ती दर दोन तासांनी आपोआप बंद पडायची, चालू काम सेव्ह न करता. तारीख बघा. त्याची निम्मी गिऱ्हाइकं नारायण पेठेतले कर सल्लागार. मार्चएंडला त्यांची मशीन दोन-दोन तासांनी झोपायला लागली. एक जण तर सीपीयू उचलून थेट काउंटरवर आणून आदळून गेला, माऊससकट. बरं, आरसीवरून फायनलवर सरळ अपग्रेडही होत नव्हतं. डेटा काढा, नव्याने टाका, प्रत्येक सॉफ्टवेअर पुन्हा बसवा. त्याने ते सगळं फुकट करून दिलं आणि लायसन्सचे पैसेही खिशातून भरले.

इनसायडरचं तंत्र आजही तेच. स्टार्टमध्ये विनव्हर टाइप करून बघा, तुमच्या त्या बिल्डची एक्स्पायरी तारीख तिथेच दिसेल. ती जवळ आली की आधी सूचना, मग मशीन आपोआप रीस्टार्ट, शेवटी बूटच होत नाही. नवी बिल्ड वेळेवर घेत राहिलं तर पुढे ढकललं जातं, हे खरं. पण क्लासमध्ये दहा मशीनवर ते कोण बघणार? तुम्हीच.

आता मुद्द्याचं. बिल्ड फुकट आहे, लायसन्स फुकट नाही. ज्या मशीनवर आधीच रीतसर विंडोज आहे त्याच्या मालकाने चाचणीसाठी वापरावी म्हणून कंपनी ती देते. ब्रँडेड लॅपटॉपमध्ये विंडोज ८ च्या काळापासून लायसन्स-की बोर्डावरच्या चिपमध्ये, बायोसमध्येच असते, म्हणून तिथे अडत नाही. तुमचा असेंबल्ड बोर्ड कोरा येतो. त्यावर इनसायडर टाकली म्हणजे लायसन्स नसलेल्या मशीनवर चाचणीची प्रत, तीही विकलेली. क्रॅकचा सख्खा नाही तरी चुलत भाऊ.

कोर्टाच्या वाटेवर

वकिली करतो, म्हणून कलमांपुरतं बोलतो.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४(ब) प्रमाणे कॉम्प्युटर प्रोग्रॅमची प्रत विकण्याचा हक्क मालकाचा. कलम ५१ मध्ये उल्लंघन म्हणजे फक्त परवान्याशिवाय केलेलं कृत्य नव्हे, परवान्याच्या अटी मोडून केलेलंही येतं. "डाउनलोड तर अधिकृत साइटवरून केलं" हा बचाव इथेच पडतो: डाउनलोड अधिकृत, विक्री नाही. कलम ६३ ची शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं आणि ५० हजार ते २ लाख दंड. शिवाय ६३ब आहे, तो जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला लागतो. म्हणजे मॅडमकडून "मला माहीत आहे" असं लिहून घेतलंत तर तुमची सुटका नाहीच, उलट त्यांनाही गोवलंत. परवानगी द्यायची ती कॉपीराइटच्या मालकाने, गिऱ्हाइकाने नव्हे.

बिलावर 'विंडोज ११' लिहिणं ही वेगळी भानगड. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ती सरळ अनुचित व्यापारी प्रथा. तुम्ही म्हणाल, क्लास हा धंदा, मग त्या ग्राहक कशा? स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे. बाई स्वतः शिकवून पोट भरत असतील तर जिल्हा आयोगात येऊ शकतात, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. बिलच दिलं नाही तर सुटू असं वाटत असेल, तर बिल न देणं हीही त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे.

उबुंटूवाला कर्वेनगर

मग लिनक्स टाका की! तिथे बीटासुद्धा, म्हणजे चाचणीची आवृत्तीही, विकता येतो. जीपीएलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या खुल्या परवान्यात, प्रत विकायला मनाई नाही, पैसे किती घ्यायचे तेही तुमच्यावर. सोर्स कोड मिळण्याची सोय गिऱ्हाइकाला करून द्यायची, एवढी अट पाळा. आणि उबुंटू या लिनक्सचा बीटा मुदत संपून मरत नाही, रोजचे अपडेट घेत घेत आपोआप फायनल होतो. तरी मी म्हणेन क्लासला बीटा नको, एलटीएस (अनेक वर्षं अपडेट मिळणारी पक्की आवृत्ती) द्या.

टिळक रोडचा जुना

उबुंटूवाले, अकाउंटिंगचा क्लास आहे. टॅली कशावर चालवणार? वाइनवर (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारा प्रोग्रॅम) खटपट करून चालेलही, पण ऐन बॅचमध्ये अडकली की फोन यांनाच येणार. लिनक्स चांगलंच आहे, इथे उपयोगाचं नाही.

पेठेतला असेंबलर

सगळ्यांचे आभार. विनव्हर बघितलं, तारीख खरंच आहे, आणि ती नेमकी नव्या बॅचच्या तोंडावर येते. पोराला दाखवली, गप्प झाला.

मॅडमना दुपारी फोन केला. दोन कोटेशन देतोय: एकात दहा मशीन ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय, दुसऱ्यात लायसन्ससह आठ. दुसऱ्यावर त्या विचार करतायत, कारण एका बॅचला आठच मुलं बसतात म्हणे. (हे आधी सांगितलं असतं तर!) पण पहिलं घेतलं आणि नंतर त्यांनी स्वतः कुणाकडून काही टाकून घेतलं, तर माझ्यावर काही येतं का?

कोर्टाच्या वाटेवर

तुम्ही टाकलं नाही, टाकायला माणूस पाठवला नाही, आयएसओचा पेनड्राइव्ह 'सहज' दिला नाही, तर नाही. बिलावर स्वच्छ लिहा: 'ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय'. हार्डवेअरची वॉरंटी तुमच्याकडे राहते, ती सॉफ्टवेअरचं कारण सांगून टाळू नका. आणि दुकानातलं ते चाचणीचं मशीन पुसल्याशिवाय विकू नका.