टायमिंग बेल्ट बदलल्यापासून सँट्रोला पिकअपच नाही, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. गाडी सँट्रो झिंग, २००९ ची पेट्रोल, ७८,००० किमी झालेत. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा) सीलमधून ऑइल गळून बेल्टवर उतरत होतं म्हणून गेल्या महिन्यात सील, टायमिंग बेल्ट (क्रँक म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, तो आणि कॅम जोडणारा दातेरी पट्टा) आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदलून घेतला, घराजवळच्याच गॅरेजमध्ये. गाडी घेऊन निघालो तेव्हाच वाटलं काहीतरी गडबड आहे, पण म्हटलं नवीन बेल्ट आहे, बसेल जागेवर (हा माझा येडेपणा, बेल्ट काय बूट आहे का सैल व्हायला).

आता त्रास असा की सिग्नलवरून उचलतच नाही, एसी लावला की आयडलला थरथरते, आणि परवा साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात जिथे आधी तिसऱ्यावर आरामात चढायची तिथे दुसऱ्यावर पण रडत होती, मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय आणि बायको म्हणतेय विकून टाका. गंमत म्हणजे एकदा रेस वर नेली की मग बरी पळते. मायलेज १५ चं ११ वर आलंय. चेक इंजिनचा दिवा नाही, स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. मेकॅनिक म्हणतो बेल्ट परफेक्ट आहे, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करू, ४,५०० होतील. करू का?

प्रतिसाद:
दादा, पैसे घालू नका अजून. आदल्या दिवशी चांगली असलेली गाडी बेल्टच्या कामानंतर बिघडली तर त्याच दिवशी इंजेक्टर कसे तुंबतील? आधी बघा काम करताना काढलेली एखादी व्हॅक्यूमची नळी किंवा सेन्सरचं कनेक्टर लावायचं राहिलंय का, प्लगच्या वायरी नीट दाबल्यात का. ते ठीक असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना हवा किती दाबली जाते ते) मोजून घ्या, इंजिन गरम असताना, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. एकच सिलिंडर कमी निघाला तर व्हॉल्व्हचा संशय, चारही सारखेच कमी निघाले तर बेल्ट एखादा दात चुकवून बसलाय.

धागाकर्ता:
नळ्या, वायरी सगळं बघितलं, ठीक आहे. कॉम्प्रेशन दुसऱ्या गॅरेजवर मोजलं. १२२, १२०, १२४, १२० पीएसआय. त्याने मीटर दाखवत फक्त मान हलवली.

प्रतिसाद:
मग झालंच की. या इंजिनला १७० च्या आसपास तरी हवं. कॅम मागे राहिला की इनटेकचा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, पिस्टन वर येताना थोडी हवा परत बाहेर ढकलतो, म्हणून खालच्या रेसला दम नाही आणि वर गेल्यावर बरी. स्पार्क क्रँक सेन्सरवरून ठरतो त्यामुळे तो जागेवरच, आणि एका दाताने बऱ्याचदा कोड येतही नाही. दात एकच, पण क्रँकच्या हिशोबात साधारण १५ ते १८ अंश!

घरी बघता येईल. बेल्टचं वरचं कव्हर काढा, प्लग काढा, गाडी सपाट जागेवर पाचव्यात टाकून हळूहळू पुढे ढकला, क्रँक पुलीची खाच खालच्या कव्हरवर कोरलेल्या टी (T) अक्षरासमोर आणा. कॅम पुलीचं गोल भोक हेडवरच्या खुणेसमोर यायला हवं. भोक पार खाली दिसलं तर घाबरू नका, क्रँक अजून एक फेरा द्या. पुढे गेली तर मागे ढकलू नका, परत दोन फेरे.

धागाकर्ता:
आज सकाळी केलं, भाचा ढकलत होता आणि मी बोनेटमध्ये टॉर्च घेऊन. खाच बरोबर टी वर, आणि भोक खुणेच्या अलीकडे, अगदी एका दाताएवढं! बेल्टवर अजून मेकॅनिकने लावलेला व्हाइटनरचा ठिपका आहे, म्हणजे जुन्या बेल्टवरचे ठिपके मोजून नव्यावर काढले आणि तसाच चढवला. फोटो काढून ठेवलेत.

प्रतिसाद:
ठिपक्यांचा दोष नाही तसा. टेन्शनर नसलेल्या बाजूला बेल्ट सैल राहिला असणार, टेन्शनर सोडल्यावर कॅम मागे सरकला. परत बसवल्यावर पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे द्यायला लावा आणि तुमच्यासमोर दोन्ही खुणा परत जुळवून घ्या, त्याशिवाय कव्हर लावू देऊ नका.

धागाकर्ता:
उद्या त्याच्याकडेच नेतोय. माणूस वाईट नाही, पण परत लेबर मागितली तर काय बोलू?