कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज: पत्रं खोटी निघाली, म्हणून संशयही खोटा?

कडूकारलं

मागच्या महिन्यात नगरला एका लग्नाला गेलो होतो. दुपारच्या पंगतीनंतर अर्धं वऱ्हाड आडवं झालं, तेव्हा आम्ही सातजण भुईकोट किल्ला बघून आलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात. दारावर आधारकार्ड दाखवायचं, मग आत. सगळे जातात ते नेहरूंची खोली बघायला. मी सहज म्हटलं, कोल्हापूरचे छत्रपती इथेच गेले. २५ डिसेंबर १८८३, वय वर्षं वीस, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत. सातातल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि त्यातले दोघे कोल्हापूरचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८७० मध्ये राजाराम महाराज विलायतेहून परतताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले. त्यांच्या गादीवर दत्तक आले ते नारायणराव भोसले, म्हणजेच हे शिवाजी महाराज. (चौथे, पाचवे की सहावे यावर वेगळा धागा काढा, इथे नको.) पोरवयात गादी, भोवती इंग्रजांनी नेमलेली माणसं, आणि हळूहळू बाहेर एकच बातमी: महाराजांच्या डोक्यावर परिणाम झालाय. लोक म्हणत, वेडे नाहीत, वेडे करताहेत. 'केसरी' आणि 'मराठा' तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. त्यांनी विषय लावून धरला. मग कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावाची पत्रं बाहेर आली, त्यात महाराजांना विष घालण्याचा कट. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली. पत्रं बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, ती चालली नाही, आणि १७ जुलै १८८२ ला टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस ते हेच.

पुढचं फार कुणी सांगत नाही. निकालानंतर सतरा महिन्यांनी, नगरच्या किल्ल्यात पहाऱ्यात असताना, महाराज खरोखरच गेले. विषाने नाही. पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या शिपायाबरोबर झटापट झाली आणि प्लीहा (पोटातली पाणथरी) फुटली, असं सरकारने सांगितलं. ग्रीनला खुनाची शिक्षा झाली नाही. आता सांगा, एकदा कोर्टात तोंडघशी पडलेल्यांनी दुसऱ्यांदा "महाराजांचं बरंवाईट केलं" म्हटलं, तर त्याला वजन ते किती येणार? माझ्या मते महाराजांचा सगळ्यात मोठा घात त्या पत्रं बनवणाऱ्याने केला. त्याने बर्व्यांना बदनाम केलं हे दुय्यम. खऱ्या तक्रारीची किंमत त्याने शून्यावर आणली.

ताळेबंद

कारलेबुवा, पत्रं खोटी हे तुम्हीच मान्य करता आणि संशय मात्र खरा ठेवता. असं दोन्ही ताटांत जेवता येत नाही.

आधी हे बघा की लोकांना विषच का सुचलं. १८७४ मध्ये बडोद्याला रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) कर्नल फेयर यांच्या सरबतात सोमल, म्हणजे आर्सेनिक, आणि हिऱ्याची पूड सापडली. तिथले महाराज मल्हारराव गायकवाडांवर चौकशी बसली. सहा जणांचं कमिशन: तिन्ही इंग्रज म्हणाले दोषी, तिन्ही हिंदी सभासदांना ते सिद्ध झालं असं वाटेना, त्यात शिंदे सरकार आणि जयपूरचे महाराजही होते. तरी १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलंच, कारण दिलं गैरकारभाराचं. त्यानंतर पाच-सहा वर्षांत कोल्हापुरातून 'विष' हा शब्द आला की तो विकला जाणारच. बनावट पत्रं लिहिणाऱ्याला गिऱ्हाईक काय मागतंय ते बरोबर कळलं होतं.

दुसरं, हेतू. १८४८ ला साताऱ्याचं राज्य वारस नाही म्हणून खालसा केलं, तो काळ वेगळा. १८५७ नंतर दत्तकाची मुभा मिळाली होती. राजा मेला तरी कोल्हापूर इंग्रजांच्या घशात जाणार नव्हतं, आणि गेलंही नाही. मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले, तेच शाहू महाराज. "ज्याचा फायदा त्यानेच केलं" हे तर्कशास्त्र चालवायचं असेल तर बोट कुठे जाईल? तेव्हा कोल्हापूरचे रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारे, होते शाहू महाराजांचे जनक वडील, आबासाहेब घाटगे. म्हणायची आहे का कुणाची हिंमत? मी तर म्हणणार नाही, कारण पुरावा नाही. मग तीच शिस्त सगळ्यांना लावा.

तरुण मुलगा आजारी होता. त्या काळात त्या आजाराला औषध नव्हतं. एवढंच.

रंकाळ्याचा_वारा

ओ कारले, आमास्नी ठावं न्हाई असं कुणी सांगितलं? तुमच्या वऱ्हाडातली ती दोघं पुण्यात वाढलेली असणार. आमच्या घरात चार पिढ्या ह्ये चालत आलंय. आज्जी म्हणायची, "राजा खुळा न्हवता, त्येला खुळा केला." तिनं तिच्या आज्जीकडनं ऐकल्यालं. लहान लेकराला मायेच्या माणसातनं उचललं, भाषा कळंना असली माणसं उशापायथ्याला बसवली, रागवलं की खुळा, रडलं की खुळा. तुमच्या-माझ्या पोराला ठेवा की तसं सहा महिनं.

आणि ताळेबंदराव, कागद कागद काय करताय? कागद लिवणारं कोण हुतं?

ताळेबंद

@वारा, कागद इंग्रजांनीही लिहिले आणि ती बनावट पत्रं आपल्याच माणसाने लिहिली. म्हणून तर दोन्हीकडचे कागद तपासायचे.

काळाकोट

इतकी वर्षं फौजदारी वकिली केल्यावर 'प्लीहा फुटली' हे शब्द वाचले की माझे कान उभे राहतात. ब्रिटिश हिंदुस्थानात हा शब्द म्हणजे गोऱ्या आरोपीची कवचकुंडलं होती.

आग्र्याला फुलर नावाचा इंग्रज वकील होता. रविवारी चर्चला जायला गाडी वेळेवर आली नाही म्हणून त्याने कटवारू नावाच्या आपल्या मोतद्दाराला (घोडे सांभाळणाऱ्याला) मारलं. कटवारू मेला. डॉक्टर म्हणाले, प्लीहा आधीच वाढलेली होती, फुटली. मॅजिस्ट्रेटने फुलरला दंड केला ३० रुपये. हे प्रकरण इतकं शेकलं की १८७६ मध्ये खुद्द व्हाइसरॉय लिटनने त्या निकालावर ताशेरे ओढले, आणि मग इथल्या इंग्रजांनी लिटनलाच धारेवर धरलं. साहेबाची लाथ, नेटिव्हचा मृत्यू, वाढलेली प्लीहा, हा क्रम तेव्हाचं वर्तमानपत्र वाचणाऱ्याला पाठ होता.

आता वैद्यकाची बाजूही सांगतो, नाहीतर ताळेबंद मला धरतील. हिवतापाने प्लीहा खरोखर वाढते, नाजूक होते, साध्या धक्क्याने फुटू शकते. म्हणजे ते कारण खोटंच असेल असं नाही. पण कारण खरं असलं तरी धक्का कोणी दिला आणि का दिला हा प्रश्न उरतोच. डॉक्टरांचा शेरा अवयवाबद्दल असतो. लोकांनी विचारलं होतं हातापायांबद्दल.

ताळेबंद

हे मान्य. पण याला कट म्हणत नाहीत.

जुनीवही

थोडं अवांतर, पण राहवत नाही. टिळक-आगरकरांना त्या खटल्यात दहा हजारांचा जामीन हवा होता. तो भरला रामशेठ उरवणे यांनी, जोतीराव फुल्यांच्या शब्दावर. सुटकेनंतर सत्यशोधकांनी सत्कारही केला. छत्रपतींच्या बाजूने लिहिलं म्हणून पुण्याच्या दोन ब्राह्मण संपादकांच्या मागे सत्यशोधक उभे राहिले, आणि ज्यांच्यावर आरोप होता ते बर्वेही ब्राह्मणच. आज आपण जे खण पाडून बसलोय त्यात हे कुठेच बसत नाही. लोकमत लोकमत म्हणतो ते त्या वर्षी एकदाच असं झालं असेल.

फोडणी_विथ_कढीपत्ता

आता पुढच्या प्रतिसादात वेदोक्त (शाहू महाराजांचा ब्राह्मणांशी झालेला तो वाद) येणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनीवही

नाही आणत. जेवा निवांत.

रात्रपाळी

मी मनोरुग्णांच्या वॉर्डात अकरा वर्षं नर्स होते. इथे सगळे महाराज वेडे होते की नव्हते यावर भांडताय. मला वेगळंच खटकतंय.

माणूस बिथरला की त्याला धरावं लागतं, हे खरं. पण धरायची रीत असते. निदान चार जण लागतात, एकेका हाता-पायाला एकेक, आणि पाचवा डोक्याशी, नुसतं बोलत राहायला. छातीवर, पोटावर, पाठीवर भार टाकायचा नाही. गुडघा टेकायचा नाही. आमच्याकडे एकदा एक नवा वॉर्डबॉय घाबरून पेशंटच्या पोटावरच बसला. आम्ही दोघींनी कॉलरला धरून मागे ओढला त्याला. पेशंटने नंतर भडभडून उलटी केली आणि मला म्हणाला, "सिस्टर, मी फक्त बाहेर जाऊ का विचारलं होतं." डॉक्टरांच्या कागदावर त्या संध्याकाळी 'पेशंट आक्रमक' एवढंच होतं.

नगरच्या किल्ल्यात एका वीस वर्षांच्या आजारी मुलाला सांभाळायला पलटणीतला शिपाई होता. त्याला काय शिकवलेलं असणार? समोरचा अंगावर आला की पाडायचं, एवढंच. ताळेबंद, यात कट नाही हे मला पटतं. पण "तरुण मुलगा आजारी होता, एवढंच" हे तुमचं वाक्य मी वॉर्डात फार वेळा ऐकलंय, आणि बहुतेक वेळा ते मृत्यूनंतरच ऐकलंय. दुसऱ्या बाजूनेही तेच. वेडे नव्हतेच, शहाणे होते, असं ठासून सांगायची एवढी धडपड का? वेडे असते तर चाललं असतं?

ताळेबंद

ताई, ते 'एवढंच' मागे घेतो. बाकीचं नाही.

एक विचार मात्र डोक्यात आला. याच गादीचे राजाराम महाराज, तेही विसाव्या वर्षी गेले, तेही इंग्रज अधिकारी सोबत असताना, आणि किल्ल्यात नव्हे, सातासमुद्रापार. तिथे आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला, आज तिथे छत्री आहे, शेजारच्या पुलालाही 'इंडियानो' म्हणतात. घात म्हणायला यापेक्षा सोयीची जागा कुठली? तरी त्यांच्याभोवती असं वादळ उठलं नाही. का? माझं उत्तर: उशाशी आपली माणसं होती. कोल्हापूरहून गेलेल्या माणसांनी आजारपण पाहिलं, चिता पाहिली, परत येऊन सांगितलं. नगरला जे पाहिलं ते पहारेकऱ्यांनी. अफवा मूर्खपणातून येतेच असं नाही, साक्षीदार नसला की त्या जागी ती बसते. म्हणून लोकांना दोष देत नाही. पण जागा रिकामी आहे म्हणून मनाला येईल ते तिथे बसवायचं, याला माझा विरोध कायम आहे.

काळाकोट

हे प्रतिसाद क्रमांक एकमध्येच लिहिलं असतं तर?

कडूकारलं

सगळ्यांना धन्यवाद. रात्रपाळीताईंचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. खरं आहे, मीही मूळ लेखात 'वेडे की वेडे केले' यातच अडकलो होतो. त्यावरून आठवलं: वेडाचं सोंग की खरं वेड, या कोड्याभोवती फिरणारं 'हॅम्लेट' आगरकरांनी मराठीत आणलं, आणि त्या भाषांतरावर डोंगरीच्या कोठडीत काम केलं. समोर खरा राजपुत्र, हातात तो नाटकातला. मला तरी हा योगायोग वाटत नाही. (घ्या ताळेबंद, माझीही एक थिअरी!)

पण वारासाहेब, तुमच्याकडून एक हवंय. चार पिढ्या तुमच्या घरात ही गोष्ट सांगतात म्हणालात. त्यात मारणाऱ्याचं नाव काय येतं? घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचाराल का? ग्रीनचं नाव काढू नका, नुसतं विचारा.

ताळेबंद

प्रश्न आवडला. उत्तराची वाट बघतोय.

रंकाळ्याचा_वारा

आत्तीला फोन लावला. ८१ वय हाय, खरं डोकं टकाटक. म्हटलं, आत्ती, आज्जी त्या खुळ्या राजाचं सांगायची ती गोष्ट सांग की. सगळी सांगितली. पाणी घालाय गेलीवती, पाइप टाकून पायरीवर बसून सांगितली. नगरचं नाव आलं न्हाई तिच्या तोंडात, राजा कुटं ऱ्हाईत हुता विचारलं तर "वाड्यात की" म्हणाली. शिपाई न्हाई, गोरा न्हाई, झटापट न्हाई.

इचारलं, मारलं कुणी मग?

"कुणी म्हंजे? त्या बर्व्यानं. दुधातनं इख घातलं."