इंग्रजी शिकताना व्याकरणाचे पुस्तक आधी उघडावे की नंतर?

कोरीपाटी (धागालेखिका)

नोकरी सांभाळून इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांना मी बरीच वर्षे शिकवत आले आहे, आणि या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे, ते असे की पहिल्या वर्षी व्याकरणाचे पुस्तक कपाटातच राहू द्यावे. हे मत अनेकांना पटणार नाही याची कल्पना आहे, म्हणूनच ते चर्चेसाठी मांडते.

माझ्या एका विद्यार्थ्याने फळ्यावर बारा काळांचा तक्ता एकही चूक न करता लिहून दाखवला. कर्तरी वाक्याचे कर्मणी करणे तर त्याच्या हातचा मळ होता. तास संपल्यावर सहज गप्पांत मी त्याला विचारले की गावाहून कधी परतलात, तेव्हा तो म्हणाला, ‘आय हॅव कम यस्टरडे.’ मी थांबले, तर त्याने स्वतःच नियम सांगितला की ‘यस्टरडे’सारखा संपलेला काळ दाखवणारा शब्द आला की तिथे साधा भूतकाळ वापरायचा. नियम तोंडपाठ होता, पण बोलण्याची वेळ आली तेव्हा तो मदतीला धावून आला नाही.

त्याऐवजी सोप्या इंग्रजीचे भरपूर वाचन आणि श्रवण करावे, असे माझे म्हणणे आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली, आणि मर्यादित शब्दांत लिहिलेली वाचनपुस्तके आज सहज मिळतात. शंभर शब्दांत दोनच अनोळखी असतील असे पुस्तक घ्यावे; त्या दोन शब्दांचा अर्थ आजूबाजूची वाक्येच सांगतात, आणि वाक्याची घडण नकळत कानात बसते. नियम त्यानंतर वाचला, तर तो आपल्याला आधीच भेटलेल्या गोष्टीचे नाव सांगतो.

उभाआडवा

आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. नुसते ऐकून आणि वाचून भाषा पूर्णपणे येत असती, तर कॅनडात ती आली असती. तिथे इंग्रजी भाषक मुलांना शाळेतले बहुतेक विषय फ्रेंचमधून शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकल्यावर त्या मुलांचे आकलन फ्रेंच मुलांच्या जवळपास पोहोचले, पण बोलण्यात आणि लिहिण्यात व्याकरणाच्या चुका तशाच राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याच निरीक्षणावरून मांडले की शिकणाऱ्याने स्वतः भाषा घडवावी लागते, आणि घडवताना आपले कुठे अडते हे त्याला कळावे लागते.

इंग्रजीतला ‘द’ घ्या. तो बोलताना दबक्या आवाजात येतो आणि गाळला तरी वाक्याचा अर्थ बहुधा पोहोचतो. ‘ही वर्क्स’मधल्या शेवटच्या ‘स’चीही तीच गत आहे, कारण कर्ता कोण हे ‘ही’ने सांगूनच झालेले असते. ज्याच्यावाचून काही अडत नाही, त्याकडे कान लक्ष देत नाहीत. हजार पाने वाचूनही ‘द’ न दिसलेली माणसे मी पाहिली आहेत. नियम आधी सांगितला म्हणजे तो लगेच बोलण्यात उतरत नाही हे खरे, पण पुढच्या पानावर ती गोष्ट नजरेला टोचू लागते, आणि एवढ्यासाठी तरी व्याकरणाचे पुस्तक पहिल्या दिवसापासून हाताशी हवे.

शिवाय लहान मूल दिवसभर भाषेत न्हाऊन निघते. नोकरी करणाऱ्या माणसाला दिवसाचा अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात नकळत काय काय बसणार?

शब्दपेटी

व्याकरणाच्या वादात शब्दसंग्रह मागे पडतो आहे, म्हणून थोडे लिहितो. रोज दहा शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ वहीत उतरवून पाठ करण्याची पद्धत मी दोन वर्षे पाळली. पाठांतर वाईट नसते. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते की एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. माझी चूक वेगळीच होती. मी शब्द एकेकटे पाठ केले. मराठीत आपण चूकही करतो आणि अभ्यासही करतो, मग माझ्या वहीत ‘करणे’समोर ‘डू’ लिहिले होते आणि मी मोठ्या विश्वासाने ‘डू अ मिस्टेक’ म्हणत होतो. पावसाचेही तसेच. आपला पाऊस जोराचा असतो, तर इंग्रजीत तो ‘हेवी’ म्हणजे जड असतो. आता मी शब्द त्याच्या सोबत्यासह लिहितो, ‘मेक अ मिस्टेक’, ‘हेवी रेन’, आणि दर नोंदीखाली तो जिथे भेटला ते पूर्ण वाक्य उतरवतो.

कोरीपाटी

कॅनडाचे उदाहरण महत्त्वाचे आहे आणि ‘नकळत सगळे येते’ असे माझ्या लिहिण्यातून ध्वनित झाले असेल, तर तेवढे मी मागे घेते. मात्र उभाआडवा यांनी ज्या ‘स’चा दाखला दिला, तोच माझ्या बाजूने बोलतो. हा ‘स’ जवळजवळ प्रत्येक पुस्तकात पहिल्या काही धड्यांत असतो, आणि तरीही शिकणाऱ्यांच्या बोलण्यात तो फार उशिरा स्थिरावतो, तर ‘इंग’ प्रत्यय लवकर येतो. १९७४ मध्ये ड्यूले आणि बर्ट यांना स्पॅनिश आणि चिनी भाषक मुलांच्या इंग्रजीत असे रूपांचे क्रम मिळतेजुळते आढळले होते. पुस्तकाचा क्रम एक आणि शिकणाऱ्याच्या डोक्यातला क्रम दुसरा असेल, तर पहिल्या महिन्यात त्या ‘स’साठी गुण कापून आपण त्याला फक्त गप्प करतो. माझे बरेच विद्यार्थी असेच गप्प होऊन माझ्याकडे आले आहेत, आणि त्यांना पुन्हा बोलते करायला महिने लागतात. माझा विरोध या भीतीला आहे.

उभाआडवा

भीतीबद्दल आपण म्हणता ते मी मनापासून स्वीकारतो. चुकीला गुण कापणे आणि नियम समजावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पण त्या क्रमाबद्दल सावध राहावे. नंतरच्या अभ्यासांतून मातृभाषेचा प्रभावही पुढे आला आहे, आणि ज्यांच्या भाषेत ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत त्यांना ती आत्मसात करणे जास्त जड जाते. म्हणजे मराठी माणसाची अडचण नेमकी कुठे आहे ते मराठीकडे पाहूनच कळेल.

पारंब्या

या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहिते आहे, कारण दोन्ही बाजूंनी व्याकरण म्हणजे इंग्रजीचे व्याकरण असेच गृहीत धरले आहे. मराठीत उपपद नसले तरी ते ज्यासाठी असते ती जाणीव आपल्याकडे आहे. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात ऐकणाऱ्याला पुस्तकाची खबर नव्याने मिळते, तर दुसऱ्यात ज्या पुस्तकाबद्दल बोलणे चालले होते ते कुठे आहे एवढेच सांगितले जाते. इंग्रजीत पहिल्याला ‘अ बुक’ लागते आणि दुसऱ्याला ‘द बुक’. जे काम आपण शब्दांची जागा बदलून करतो, ते इंग्रजी एका छोट्या शब्दाकडून करून घेते. हे कळले तेव्हा, शाळेत कितीतरी वेळा वाचलेला तो नियम मला पहिल्यांदा आपला वाटला.

धागालेखिकेच्या विद्यार्थ्याची चूकही अशीच पाहता येईल. ‘मी कालच आलो आहे’ हे चोख मराठी आहे, कारण आपला ‘आहे’ कालच्या सोबत सुखाने राहतो. इंग्रजीतला ‘हॅव’ तसा राहत नाही. त्याने नियम विसरून चूक केली नाही, तो आपल्या भाषेचा नियम अचूक पाळत होता. त्याला हे सांगितले होते का?

कोरीपाटी

नाही, सांगितले नव्हते. मी फक्त वाक्य सुधारून दिले होते. टेबलावरच्या पुस्तकाची ही दोन वाक्ये पुढच्या तासाला फळ्यावर लिहिणार आहे. पहिल्या वर्षी व्याकरणाचे पुस्तक नको हे मत अजून कायम आहे, पण मराठी वाक्ये शेजारी मांडून बोलणे मी त्यातून वगळते.

उभाआडवा

पण ते बोलणे हेच तर व्याकरण आहे, आणि ते आपण पहिल्याच वर्षी करणार आहात.