मदत हवी आहे : भाच्याचं बारसं आहे, ‘हावियेर’ या स्पॅनिश नावाचा उच्चार आणि अर्थ नेमका काय?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. माझा भाऊ स्पेनमध्ये असतो. वहिनी तिथलीच, नवारा प्रांतातली. त्यांना मुलगा झालाय आणि त्याला वहिनीच्या आजोबांचं नाव ठेवलंय. स्पेलिंग जे-ए-व्ही-आय-ई-आर. डिसेंबरात तिघं नाशिकला येतायत, तेव्हा घरी बारसं करायचं ठरलंय. आत्या मी एकटीच, म्हणजे बाळाच्या कानात नाव मलाच सांगायचंय. वहिनीचे आईवडीलही समोर असतील. त्यांच्या घरात म्हणतात तसंच ते माझ्या तोंडून यावं, अशी फार इच्छा आहे.

अडचण अशी की भाऊ फोनवर ‘हावियेर’ म्हणतो, पण वहिनी म्हणते तेव्हा मला सुरुवातीला ‘ख’ ऐकू येतो. पत्रिकेच्या कच्च्या मजकुरात काकांनी ‘जेवियर’ लिहिलंय. मावशी म्हणते, हे आपलं झेवियरच, तेच छापा. अर्थाचंही तसंच. बाळांच्या नावांच्या साइट्सवर एकीकडे ‘नवीन घर’ दिलंय, दुसरीकडे ‘तेजस्वी, मूळ अरबी’. आणि आईला वेगळीच काळजी आहे, की पणजोबांचं नाव म्हणजे तिकडच्या शाळेत जुनाट तर वाटणार नाही ना?

कुणी स्पेनमध्ये राहिलेलं असेल किंवा भाषेचा अभ्यास असेल तर कृपया सांगा. पत्रिका या आठवड्यात छापायला जाईल.

सातासमुद्रापार

अभिनंदन आत्याबाई! मी स्पेनमधल्या सारागोसात राहते, नवारा इथून जवळच.

उच्चाराबाबत भाऊ आणि वहिनी दोघंही बरोबर आहेत. स्पॅनिशमधला ‘जे’ म्हणजे आपला ‘ज’ नव्हे. उत्तर स्पेनमध्ये तो घशातून, खरखरीत येतो, उर्दूतल्या ‘ख़बर’च्या ख़सारखा. खाली दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात, तसंच कॅरिबियन बेटांवर आणि लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत तोच मऊ होऊन ‘ह’ होतो. वहिनी नवाराची, म्हणून तिचा ख़. पुढचा ‘व्ही’ दातांनी ओठ दाबून म्हणायचा नाही. दोन्ही ओठ जवळ आणायचे पण पूर्ण मिटायचे नाहीत, म्हणजे ब आणि व यांच्या मधला आवाज निघतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोर शेवटी. हा-वियेर असे दोनच तुकडे आहेत, त्यातला ‘वियेर’ ठासून म्हणायचा. आपण मराठी माणसं सवयीनं ‘हा’ लांबवतो आणि शेवट सोडून देतो, तिथे ते परकं वाटतं.

देवनागरीत ‘हावियेर’च लिहा. ‘खावियेर’ छापलंत तर नाशिकचे पाहुणे भलतंच वाचतील. घरात लाडानं ‘हावी’ म्हणतील. माझ्या मुलीच्या वर्गात एक हावी आहे, त्याला पूर्ण नावानं हाक मारलेली मी अजून ऐकलेली नाही.

शब्दवेडा

अर्थाचं सांगतो. ‘नवीन घर’ हाच बरोबर, अरबी ‘तेजस्वी’ विसरा. ती व्युत्पत्ती नावांच्या पुस्तकांतून आणि साइट्सवरून एकमेकांची नक्कल होत फिरते, तिला आधार नाही.

हे मुळात माणसाचं नाव नाही, गावाचं आहे. नवारात हावियेर नावाचं छोटं गाव आहे, तिथे त्याच नावाचा किल्ला आहे. बास्क या तिथल्या स्थानिक भाषेत ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवं. ‘एचेबेरी’ हे नाव त्या भागातल्या रोमान्स, म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या बोलीत शिरलं, सुरुवातीचा स्वर गळाला, ‘बे’चा ‘बिये’ झाला आणि ‘शाविएर’ तयार झालं. एचेवेरिया हे स्पॅनिश आडनाव याचंच भावंड. 1970 ते 1976 या काळात मेक्सिकोचे अध्यक्ष असलेले लुईस एचेवेरिया आठवत असतील.

आता मावशींचा ‘झेवियर’ कुठून आला तेही यातच आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये हे नाव ‘एक्स’नं लिहीत आणि त्या एक्सचा उच्चार ‘श’ होता. पुढे स्पेनमध्ये तो ‘श’ घशात सरकत ख़ झाला. लिहिण्यात मात्र एक्स बराच काळ टिकला. 1815 मध्ये स्पॅनिश अकादमीनं शुद्धलेखन बदललं तेव्हा या आवाजासाठी जे पक्का झाला. पोर्तुगीजांनी एक्स आणि ‘श’ दोन्ही ठेवले, म्हणून गोव्यात शाविएर. बास्क लोक आजही ‘शाबियेर’च म्हणतात. इंग्रजांनी त्या एक्सचा ‘झ’ केला, तो आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या पाट्यांवरून रुळला. फ्रेंच ‘ग्झाव्हिये’, इटालियन ‘सावेरिओ’, पोलिश ‘क्सावेरी’ ही सगळी त्या एकाच गावाची रूपं.

एका खेड्याचं नाव इतक्या देशांतल्या मुलांना लागावं, याचं मला फार अप्रूप आहे. आळंदीकर, पैठणकर ही आपल्याकडे आडनावंच राहिली. इथे गावच पाळण्यात गेलं.

मांडवी

गाव पाळण्यात गेलं ते एका माणसामुळे. फ्रान्सिस्को हावियेर, म्हणजे आमचे ‘गोंयचो सायब’. 7 एप्रिल 1506 ला त्याच हावियेरच्या किल्ल्यात जन्म. वडील हुआन दे हासो नवाराच्या राजाच्या दरबारी मोठ्या पदावर. 1512 मध्ये शेजारच्या कास्तीलच्या राज्यानं नवारा जिंकलं आणि 1516 मध्ये या घराण्याच्या किल्ल्याची तटबंदी आणि बुरूज पाडले. हा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. पुढे पॅरिसला शिकायला गेला, तिथे इग्नेशियस लोयोलाशी गाठ पडली आणि जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या पहिल्या सात जणांत तो आला. 1541 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाला, 6 मे 1542 ला गोव्यात उतरला. 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर वारला. शरीर आधी मलाक्का आणि मग 1554 मध्ये गोव्यात आणलं. आज ते जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बॅसिलिकात आहे. 1622 मध्ये संत म्हणून घोषणा झाली आणि तिथून हे नाव कॅथलिक जगभर मुलांना ठेवू लागले.

बारसं डिसेंबरात आहे म्हणून मुद्दाम सांगते. 3 डिसेंबर हा गोव्यात सायबाच्या फेस्ताचा, म्हणजे सणाचा दिवस आणि नवारात तर तोच ‘नवारा दिन’, प्रांताची सुट्टी. स्पेनमध्ये ज्या संताचं नाव असेल त्याच्या दिवशी त्या माणसाला शुभेच्छा देतात, तेव्हा तुमच्या बाळाचा हा दरवर्षीचा दिवस. मार्चमध्ये नवारातले लोक चालत हावियेरच्या किल्ल्यापर्यंत जातात, त्याला ‘हावियेरादा’ म्हणतात. वहिनीला विचारून बघा, घरातलं कुणी ना कुणी नक्की चाललेलं असेल. आणि सवड असेल तर तिच्या आईवडिलांना दोन दिवस गोव्याला घेऊन या. त्यांच्या प्रांताचा माणूस आमच्याकडे विसावलाय.

कातळशिल्प

सगळं छान, पण एक गोष्ट राहून जायला नको. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्धच्या गुन्ह्यांचा निवाडा करणारं चर्चचं न्यायासन आणा, अशी मागणी पोर्तुगालच्या राजाकडे याच फ्रान्सिस झेवियरनी 1546 च्या पत्रात केली होती. ते न्यायासन 1560 मध्ये सुरू झालं आणि आमच्यासारख्या कितीतरी घराण्यांना देव उचलून गोव्याबाहेर पडावं लागलं. आमच्या कुळाच्या कहाणीत ते अजून सांगतात. बारशाला कुणी वडीलधाऱ्यांनी विषय काढला तर तुम्हाला माहीत असावं, म्हणून लिहिलं. बाळाला मनापासून आशीर्वाद.

मांडवी

पत्राचं खरं आहे, नाकारत नाही. ते न्यायासन त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी आलं हेही तितकंच खरं. गोव्यात या दोन्ही गोष्टी माहीत असलेली माणसं शेजारी शेजारी राहतात, आणि फेस्ताच्या दिवसांत बॅसिलिकात हात जोडायला हिंदू घरांतलीही कितीतरी माणसं येतात. मी लहानपणापासून बघत आलेय.

गोदाकाठ

दोघांचे आभार. कातळशिल्पदादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझे मोठे काका इतिहास वाचणारे आहेत, ते हा प्रश्न विचारणारच. मी त्यांना आधीच सांगेन, की वहिनीच्या घरी हे नाव आजोबांवरून आलंय, आणि त्या आजोबांच्या गावाजवळचा तो किल्ला आहे. इतिहासही सांगेन, लपवणार नाही.

पत्रिकेत ‘चि. हावियेर’ नक्की झालं. आईची शंका तेवढी राहिली, नाव जुनं झालंय का?

सातासमुद्रापार

जुनं झालंय असं नाही म्हणणार, पण फॅशनचंही नाही. स्पेनमधल्या सगळ्या वयांच्या पुरुषांची नावं मोजली तर हावियेर अजून अगदी वरच्या नावांत येतं. त्यात चाळिशी-पन्नाशीतले फार. ऑफिसमध्ये दोन हावी हमखास सापडतात. नव्या बाळांत मात्र सध्या मार्तिन, उगो, मातेओ, लुकास, लेओ यांची चलती आहे. म्हणजे वर्गात त्याच्या नावाची पाच मुलं नसतील, आणि नाव ऐकून कुणी चमकणारही नाही. मला तरी ही जागा उत्तम वाटते.

नवारात एक बारकावा आहे. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात, 1938 पासून, बास्क नावं सरकारदरबारी नोंदवता येत नसत. 1977 मध्ये ती मोकळीक कायद्यानं मिळाली आणि मग ‘शाबियेर’ नोंदवणारी घरं वाढली. फुटबॉलवाला शाबी अलोन्सो 1981 चा, तो त्या पिढीतला. वहिनीच्या आजोबांच्या पिढीला हावियेरच नोंदवावं लागलं असणार. तुमच्या भावजयीनं आजोबांच्या कागदावरचं रूप जसंच्या तसं ठेवलं, त्यामागे काही विचार असेल तर तिच्याकडून जरूर ऐका.

स्पेनबाहेरही नाव सगळीकडे आहे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस, पेरूचे हावियेर पेरेस दे क्वेयार, नट हावियेर बार्देम, आता अर्जेंटिनाचे अध्यक्ष हावियेर मिलेई. चिलीत तर मुलींचं ‘हावियेरा’ खूप ऐकू येतं.

वसईकर

आमच्या वसईत झेवियर घरोघरी आहेत, आणि गंमत म्हणजे आमच्याकडे नवघर नावाचं गावही आहे. शब्दवेडा यांचं वाचून हे आमच्या झेवियरमामांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे सत्तर वर्षं मी दोन्हीकडून नवघरचाच! गोदाकाठताई, तुमच्या काकांना अर्थ सांगताना ‘नवघर’ म्हणा, लगेच पोचेल.

गोदाकाठ

नवघर! आईला सांगितलं, तिचा चेहराच खुलला. आता शेवटचं विचारते. बाळाच्या जन्मनोंदीत वडिलांचं नाव मध्ये नाहीच, आणि आडनावं दोन आहेत. आईला वाटतंय की भावाचं नाव लिहायचं राहून गेलं. आणि एखादं मराठी नाव पुढे जोडता येतं का?

सातासमुद्रापार

काही राहिलेलं नाही. स्पेनमध्ये वडिलांचं नाव मध्ये घालायची पद्धतच नाही. मुलाला दोन आडनावं मिळतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. पूर्वी वडिलांचं आधी यायचं. 2017 पासून क्रम आईवडिलांनी मिळून ठरवायचा, आणि पहिल्या मुलाला जो क्रम दिला तोच पुढच्या सख्ख्या भावंडांना. लग्नानंतर बायकोचं आडनावही बदलत नाही, त्यामुळे वहिनीचं वेगळं दिसलं तर आईला तेही आधीच सांगून ठेवा.

मराठी नावाला जागा आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे साधी नावं दोनपर्यंत किंवा एक जोडनाव चालतं. ‘फ्रान्सिस्को हावियेर’ ठेवलं असतं तर जागा भरली असती. नुसतं हावियेर आहे, म्हणजे एक नाव अजून बसतं. मात्र नोंद आधीच झालेली असल्यामुळे आता नाव वाढवायचं तर रीतसर अर्ज करावा लागेल. भावाला तिथल्या नागरी नोंदणी कार्यालयात चौकशी करायला सांगा. आणि मराठी नाव कागदावर जावं असं वाटत असेल तर ते दोघांनी बारशाआधी ठरवलेलं बरं, म्हणजे तुम्हाला कानात दोन्ही नावं सांगता येतील.